आधी चौकट, मग घड्याळ

घड्याळजीच्या टेबलावर उघडून ठेवलेलं मनगटी घड्याळ तुम्ही कधी पाहिलं असेल, तर आत सगळा गोलांचाच कारभार असतो हे लक्षात आलं असेल. दात्यांची चाकं गोल, मागेपुढे झुलणारं बॅलन्स व्हील गोल, चावी दिली की आवळली जाणारी स्प्रिंगही गोल डबीत बसलेली. काटे फिरतात ते गोलच. अशा मशीनला बाहेरून गोल केस, म्हणजे धातूची डबी, करावी हे सांगायला डिझायनर लागत नाही. गोल केस लेथवर कातायला सोपी, गोल काच बसवायला सोपी. गोल झाकण आटे पाडून घट्ट फिरवता येतं आणि पाणी आत जाऊ नये म्हणून घालायची रबरी रिंगही गोलच असते.

असं असताना पॅरिसच्या कार्तिए या पेढीने शंभराहून जास्त वर्षं चौकोनी, आयताकृती, कासवाच्या पाठीसारखी, न्हाणीघरातल्या टबासारखी आणि एकदा तर चक्क चेपलेली वाटावी अशी घड्याळं केली. एवढी उठाठेव कशासाठी?

कारण ही मुळात घड्याळजींची कंपनी नाही, सराफी पेढी आहे. कोणत्याही सराफाचा विचार दागिन्याच्या आकारापासून सुरू होतो. कानात कुडी कशी दिसेल हे आधी ठरतं. ती कानात टिकावी म्हणून मागची फिरकी लागतेच, पण फिरकी बघून कुणी कुडी घडवत नाही. कार्तिएच्या लेखी घड्याळाचं मशीन म्हणजे ही फिरकी. उत्तम हवी, बारीक हवी आणि मागे गपचूप बसणारी हवी. स्वित्झर्लंडचा घड्याळजी मशीन करून त्याला केस शिवायचा. पॅरिसचा हा जवाहिऱ्या कागदावर चौकट आखायचा आणि मग म्हणायचा, आता यात मावेल असं मशीन आणा. आपल्याकडे ‘आधी कळस, मग पाया’ हे उलट्या कामाला म्हणतात. इथे तीच कामाची रीत होती आणि ती चालली.

पेढीची कुंडली थोडक्यात. 1847 मध्ये लुई-फ्राँस्वा कार्तिए याने पॅरिसमध्ये आपल्या उस्तादाचा कारखाना चालवायला घेतला. पुढे मुलगा आल्फ्रेड आला. 1899 मध्ये दुकान र्यू द ला पे या रस्त्यावर गेलं, म्हणजे पॅरिसच्या श्रीमंतीच्या ऐन मध्यात. आल्फ्रेडच्या तीन मुलांनी कामं वाटून घेतली. पिएरने न्यूयॉर्क पाहिलं, जाकने लंडन, आणि थोरला लुई पॅरिसला राहिला. घड्याळांच्या गोष्टीतला आपला माणूस हा लुई.

विमानवाल्या मित्राची अडचण

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सभ्य पुरुष मनगटाला घड्याळ बांधत नसे. मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना. पुरुषाचं घड्याळ साखळीला लावून जाकिटाच्या खिशात. वेळ बघायची म्हणजे हात खिशात, घड्याळ बाहेर, झाकण उघड, बघ, पुन्हा आत. बैठकीत बसलेल्या माणसाला यात काही अडचण नव्हती. उलट त्यात एक ऐट होती.

आल्बर्तो सांतोस-दुमाँ बैठकीत बसणाऱ्यांतला नव्हता. हा ब्राझीलचा श्रीमंत, हौशी उड्डाणवीर पॅरिसमध्ये राहायचा. 1901 मध्ये त्याने फुग्याच्या हवाई जहाजातून आयफेल टॉवरला फेरी मारून बक्षीस जिंकलं होतं. त्याने लुईकडे तक्रार केली की उड्डाण करताना दोन्ही हात यंत्रावर असतात, खिशातलं घड्याळ काढायचं कसं? 1904 मध्ये लुईने त्याला मनगटावर चामडी पट्ट्याने बांधायचं घड्याळ करून दिलं. 12 नोव्हेंबर 1906 रोजी याच सांतोस-दुमाँने पॅरिसमध्ये आपलं विमान 220 मीटर उडवून विक्रम केला, आणि तो जे काही अंगावर घाली त्याची पॅरिसमध्ये चर्चा होई. 1911 पासून ते घड्याळ ‘सांतोस’ या नावाने विकायला आलं.

‘पुरुषांसाठीचं जगातलं पहिलं मनगटी घड्याळ’ असं त्याला कौतुकाने म्हटलं जातं. तो दावा मी मिठाची चिमूट घालूनच घेतो, कारण खिशातल्या घड्याळांना कड्या डाकवून ती मनगटावर बांधणारे सैनिक त्याआधीही होते. सांतोसचं खरं वेगळेपण आकारात आहे. लुईने खिशातलं गोल घड्याळ उचलून मनगटावर आणलं नाही. त्याने कोपरे मऊ केलेला चौकोन काढला, काचेभोवतीच्या पट्टीवर स्क्रू उघडे ठेवले आणि केसच्याच कडा पुढे वळवून त्यांना पट्टा जोडला. जवाहिऱ्या स्क्रू लपवतो, या जवाहिऱ्याने ते मिरवले. लोखंडी पूल आणि आयफेल टॉवरच्या त्या काळात यंत्राचे जोड उघडे दाखवण्यात लाज राहिली नव्हती.

कोन मशीनचा, अंतर डिझायनरचं

आता थोडं गणित, पण शाळेतल्या वहीपलीकडचं नाही.

मिनिटकाटा एका तासात 360 अंश फिरतो, म्हणजे दर मिनिटाला 6 अंश. हे मशीनने ठरवलेलं आहे, त्यात कुणाला ढवळाढवळ करता येत नाही. गोल डायलवर याचा काही त्रास नाही, साठ खुणा समान अंतरावर मारल्या की झालं. डायल चौकोनी केली की खरी गंमत सुरू होते.

आलेखाच्या कागदावर 20 सेंटिमीटर बाजूचा चौकोन काढा. मध्यबिंदूपासून दर 6 अंशांवर रेषा काढत बाजूपर्यंत न्या. मी एका रविवारी हा उद्योग केला. बाराच्या खुणेपासून पहिल्या मिनिटाची खूण साधारण 1.05 सेंटिमीटरवर पडते. सहाव्या आणि सातव्या मिनिटाच्या खुणांमधलं अंतर मात्र 1.74 सेंटिमीटर भरतं. म्हणजे कोपऱ्याकडे जाताना मिनिटं लांब होत जातात. शिवाय चौकोनाचा कोपरा 45 अंशांवर, म्हणजे साडेसातव्या मिनिटावर येतो, जिथे कुठलीच खूण नसते! सगळ्यात उठून दिसणारी जागा आणि तिथे दाखवायला काही नाही.

आयत घेतला तर आणखी कसरत. 20 रुंद आणि 28 उंच आयत काढला तर कोपरा साधारण साडेपस्तीस अंशांवर येतो. वरच्या आखूड बाजूवर जेमतेम बारा मिनिटं मावतात, उभ्या बाजूंवर अठराच्या आसपास. 1 आणि 11 हे आकडे कोपऱ्यांत दाटीवाटीने उभे राहतात. वर मिनिटकाटा आडव्या रुंदीत मावेल एवढाच लांब ठेवावा लागतो, त्यामुळे तो तीनवर असताना काठाला टेकतो आणि बारावर असताना वर मोकळं मैदान उरतं.

कार्तिएच्या डायलकडे आता पुन्हा बघा. रोमन आकडे किरणांसारखे मध्यापासून बाहेर ताणलेले दिसतात, काही लांब, काही तिरपे, काही आखूड. ती नुसती नक्षी नाही. काटा जिथे पोचत नाही ती जागा आकड्याने भरून काढली आहे. आकड्यांच्या आतल्या बाजूला दोन समांतर रेषा आणि त्यांमध्ये आडव्या खुणा अशी मिनिटांची पट्टी असते. फ्रेंच लोक तिला ‘शमँ द फेर’ म्हणतात, म्हणजे आगगाडीचे रूळ. दिसतेही तशीच. ही पट्टी बाहेरच्या चौकटीचीच धाकटी आवृत्ती असते. काट्याला जवळ पडेल अशा ठिकाणी मिनिटं आणि उरलेल्या पैसात तासांचे आकडे, अशी ही घरातल्या जागेची वाटणी आहे.

कोन मशीनचा आणि अंतर डिझायनरचं, एवढं एक सूत्र लक्षात ठेवलं की या पेढीची निम्मीअधिक घड्याळं उलगडतात.

रणगाडा, किंवा स्ट्रेचरचे दांडे

1917 मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, लुईने ‘टँक’ आखलं. पेढीचं सगळ्यात गाजलेलं घड्याळ हेच. याची गोष्ट अशी सांगतात की रेनोचा रणगाडा वरून पाहिल्यावर त्याला कल्पना सुचली. दोन्ही बाजूंचे लांब पट्टे म्हणजे घड्याळाच्या उभ्या दांड्या आणि मधलं धूड म्हणजे डायल. नमुन्याचं घड्याळ अमेरिकी सेनानी जनरल पर्शिंग यांना भेट दिलं, असंही सांगितलं जातं.

गोष्ट छान आहे, पण तारखा जरा कुरकुरतात. रेनोचा तो छोटा एफटी रणगाडा प्रत्यक्ष लढाईत उतरला 31 मे 1918 रोजी. 1917 मध्ये तो चाचण्यांमध्येच होता. लुईने नमुना पाहिला असेल, चित्र पाहिलं असेल, किंवा दुसराच रणगाडा पाहिला असेल. मला वाटतं, चौकोन त्याच्या डोक्यात सांतोसपासूनच घोळत होता आणि रणगाड्याने त्याला नाव दिलं. त्या दिवसांत रणगाडा म्हणजे जगातली सगळ्यात नवी वस्तू, नाव खपणारच.

गंमत म्हणजे घड्याळाच्या त्या दोन उभ्या दांड्यांना पेढीतला शब्द रणगाड्याचा नाहीच. त्यांना ‘ब्राँकार’ म्हणतात, म्हणजे जखमींना उचलायच्या स्ट्रेचरचे दांडे. युद्धातलीच वस्तू, पण दुसऱ्या टोकाची.

टँकची खरी करामत या दांड्यांत आहे. नेहमीच्या घड्याळात गोल केस असते आणि तिला वर-खाली दोन-दोन शिंगं जोडलेली असतात. पट्टा शिंगांत अडकवायचा. केस वेगळी, शिंगं वेगळी, पट्टा वेगळा, असे तीन तुकडे डोळ्याला दिसत राहतात. टँकमध्ये बाजूच्या दांड्या वर-खाली थोड्या पुढे जातात आणि त्यांचीच टोकं पट्टा धरतात. चौकटीची रेषा न थांबता पट्ट्याच्या कडेला मिळते, त्यामुळे घड्याळ मनगटावर ठेवल्यासारखं दिसत नाही, मनगटाभोवतीच्या पट्ट्यातच एक खिडकी उघडल्यासारखी वाटते. शब्दांनी नीट कळत नसेल तर दोन उभ्या रेषा काढा, मध्ये वर-खाली दोन आडव्या रेषा काढा. झालं टँक. चार रेषांत ओळखू येणारी वस्तू करणं किती अवघड असतं ते बोधचिन्हं करणाऱ्यांना विचारा.

1919 मध्ये पहिली सहा टँक विक्रीला आली. फक्त सहा! पुढे एकाच चौकटीशी खेळ चालू राहिला. 1921 मध्ये ‘सँत्रे’, लांबट आणि मनगटाच्या वळणाप्रमाणे वाकवलेलं. 1922 मध्ये दांड्यांची टोकं मऊ केलेलं ‘लुई कार्तिए’, जे आज टँक म्हटल्यावर डोळ्यासमोर येतं. 1928 मध्ये ‘आ गिशे’, ज्यात काटेच नाहीत. सगळी पुढची बाजू धातूची आणि तिला दोन छोट्या खिडक्या, एकीत तासाचा आकडा, दुसरीत मिनिटं. आत आकडे कोरलेल्या चकत्या फिरतात आणि तास पुरा झाला की वरचा आकडा टचकन बदलतो. 1936 च्या ‘आसिमेत्रिक’मध्ये तर चौकटच तिरपी ओढली आणि डायल सुमारे 30 अंश फिरवून बारा आकडा उजव्या कोपऱ्यात बसवला. वरचं सूत्र आठवा. मशीनचे कोन कुणी मोडले नाहीत, सगळं मशीनच उचलून फिरवलं.

मनगटाचं वळण, चौकटीचा कोन, पट्ट्याचा जोड यांवर इतका जीव टाकणाऱ्या लुईला साधं बकलही खुपलं. टोचून छिद्रात घालायच्या बकलने चामडं मोडतं, आणि घालता-काढताना घड्याळ हातातून निसटून पडू शकतं. 1910 च्या आसपास त्याने घडी होणाऱ्या बकलचं पेटंट घेतलं. पट्टा एकदा मापाचा केला की तो सुटत नाही, बकल उघडलं की बांगडीसारखा पट्ट्याचा घेर मोठा होतो आणि हात बाहेर येतो. आज शेकडो कंपन्या हे बकल वापरतात आणि ते कुणाचं याची कुणाला कल्पना नसते.

भिंगाखाली

डायलच्या आणखी काही खोड्या जवळून बघण्यासारख्या आहेत.

रोमन चार. शाळेत आपण ‘आयव्ही’ शिकलो. कार्तिएच्या डायलवर, आणि खरं तर बहुतेक जुन्या घड्याळांवर, चार उभ्या दांड्या असतात. याची कारणं लोक राजेरजवाड्यांपर्यंत नेतात. मला पटतं ते डोळ्याचं कारण. चारच्या बरोबर समोर आठ येतो आणि रोमन आठ चार अक्षरांचा जाडजूड गडी आहे. त्याच्यासमोर किडमिडीत ‘आयव्ही’ उभा केला तर डायल डावीकडे कलल्यासारखी दिसते. चार दांड्या घातल्या की तराजू सारखा होतो. वर आणखी एक नेटकेपणा येतो. पहिल्या चार आकड्यांत फक्त ‘आय’, मधल्या चारांत ‘व्ही’, शेवटच्या चारांत ‘एक्स’.

काटे निळे असतात. जातिवंत कामात हा निळा रंग फासलेला नसतो. चकचकीत केलेलं पोलाद हळूहळू तापवलं की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. थर जसा जाड होतो तसा रंग बदलतो, आधी पेंढ्याचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि 300 अंश सेल्सिअसच्या आसपास गडद निळा. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जे रंग दिसतात त्यामागचं भौतिकशास्त्र हेच. पातळ थराच्या वरून आणि खालून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो, काही रंग मरतात, काही उठून दिसतात. कारागिराला निळा आला की त्याच क्षणी काटा आगीवरून उचलावा लागतो. क्षणभर उशीर झाला की निळा फिका पडून करडा होतो आणि परत घासण्यापासून सुरुवात. असा निळा काटा एका बाजूने आकाशासारखा दिसतो आणि घड्याळ तिरपं केलं की जवळजवळ काळा.

चावीच्या बटणावर निळा खडा असतो. पैलू पाडलेला नाही, नुसता घासून घुमटासारखा गुळगुळीत केलेला. महागड्या घड्याळांत तो नीलम असतो, स्टीलच्या घड्याळांत बहुधा कृत्रिम स्पिनेल. काट्यांच्या निळ्याशी त्याचा निळा जुळतो. चावीच्या बटणासारख्या कामाच्या भागालाही खडा लावायचा, ही खास सराफी सवय. आणि सातच्या किंवा दहाच्या आकड्याची एक रेघ भिंगातून बघितली तर ती रेघच नाही असं कळतं. ती बारीक अक्षरांत लिहिलेलं ‘कार्तिए’ असतं. नुसत्या डोळ्यांना रेघ, भिंगाला सही.

फिरकी कुणाची?

घड्याळांचे कट्टर शौकीन कार्तिएला नाकं मुरडायचे ते याच प्रश्नावरून. मशीन तुमचं कुठाय?

बराच काळ ते दुसऱ्यांचंच होतं. 1907 मध्ये लुईने पॅरिसमधला मशीन-तज्ज्ञ एदमाँ जेगर याच्याशी करार केला. जेगरची मशीनं स्वित्झर्लंडच्या डोंगराळ खोऱ्यातल्या लकुल्त्र यांच्या कारखान्यात तयार होत. 1903 मध्ये जेगरने स्विस कारखानदारांना आव्हान दिलं होतं की माझ्या आराखड्यांप्रमाणे अतिपातळ मशीनं करून दाखवा, आणि जाक-दाविद लकुल्त्रने ते उचललं होतं. पातळ मशीन नसतं तर लुईच्या चपट्या चौकटी कागदावरच राहिल्या असत्या. तेव्हा ‘मशीन त्यांचं नाही’ हा टोमणा खरा असला तरी अर्धा आहे. सुंदर चौकटीच्या हट्टामुळे मशीन लहान होत गेलं, हा त्याचा दुसरा अर्धा. लकुल्त्रने 1929 मध्ये केलेलं 101 क्रमांकाचं मशीन जेमतेम एक ग्रॅम वजनाचं आहे. बायकांच्या जडावाच्या कंकणात लपायचं असल्यावर दुसरं काय करणार?

याच लकुल्त्र-जेगर घराण्यातून 1931 मध्ये ‘रिव्हर्सो’ आलं. त्याची सुरुवात हिंदुस्थानातली आहे. इथे पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, म्हणून डायल उलटी करून आत लपवता येईल अशी केस बनवली. कार्तिएने पुढच्याच वर्षी चौकटीत कोलांटी मारणारं टँक काढलं. चौकोनी केसचा हा अनपेक्षित फायदा. गोल घड्याळाला असं रुळांवर सरकवून पालथं घालणं जमणार नाही.

तोट्याचंही सांगायला हवं. चौकोनी कोपऱ्यांमध्ये सारखा दाब देऊन पाणी रोखणं कठीण असतं. आजही बरीच टँक घड्याळं पाण्याचे शिंतोडे सोसतात, पोहणं नाही. कुणी मुंबईच्या जुलैमध्ये ते घालून लोकल पकडणार असेल तर त्याने प्लास्टिकची पिशवी बरोबर ठेवावी.

मशीन लपवण्याची हौस टोकाला गेली ती ‘मिस्टरी’ घड्याळांत. मॉरिस कुए या कारागिराने 1912 मध्ये कार्तिएसाठी असं टेबलावरचं घड्याळ केलं की पारदर्शक स्फटिकात दोन काटे तरंगताहेत आणि त्यांना काहीच जोडलेलं नाही. युक्ती मूळची रोबेर-उदँ या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच जादूगाराची, जो स्वतः घड्याळजी होता. प्रत्येक काटा एका काचेच्या चकतीला चिकटवलेला असतो. चकतीच्या कडेला दाते असतात आणि ते चौकटीच्या पट्टीत झाकलेले असतात. बैठकीत लपलेलं मशीन चकती फिरवतं, तुम्हाला फक्त काटा फिरताना दिसतो. काच स्थिर आहे अशी आपली समजूत असते, फसतो ते तिथे. 2013 मध्ये पेढीने हीच करामत मनगटी घड्याळात उतरवली.

चर्चगेटचा कोपरा, आणि लंडनचं चेपलेलं घड्याळ

कार्तिएचा हिंदुस्थानशी मोठा संबंध हिऱ्यामाणकांचा. 1911 च्या दिल्ली दरबारासाठी जाक इथे आला, इथल्या कोरीव पाचू-माणकांनी पेढीचे दागिने बदलले, 1928 मध्ये पतियाळाच्या महाराजांचा प्रचंड कंठा घडवला. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. घड्याळांच्या रेषांशी नातं सांगणारी वस्तू मात्र मुंबईकराच्या रोजच्या वाटेवर उभी आहे. 1925 मध्ये पॅरिसला सजावटी कलांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात कार्तिएही होती. त्या प्रदर्शनाच्या नावावरूनच पुढे या शैलीला ‘आर्ट डेको’ म्हणू लागले. सरळ रेषा, पायऱ्यांसारखे उतरते थर, मऊ केलेले कोपरे, मोजकी भूमिती. 1933 चं रीगल आणि 1938 चं इरॉस ही चित्रपटगृहं, मरीन ड्राइव्हवरच्या इमारतींची ओळ, सगळी याच कुळातली, आणि 2018 पासून मुंबईचा हा वारसा युनेस्कोच्या यादीत आहे. इरॉसच्या कोपऱ्यावर उभं राहून वर बघा आणि मग टँकचं चित्र बघा. इमारतीने आणि घड्याळाने एकाच मास्तरकडे भूमिती शिकल्यासारखं वाटेल. फक्त टँक आधी शिकलं.

मग 1967 च्या लंडनमध्ये ही भूमिती कुणीतरी पिळून टाकली. जाकचा मुलगा जाँ-जाक कार्तिए तेव्हा लंडनची शाखा चालवत होता. त्याच्या आणि डिझायनर रूपर्ट एमरसन याच्या हातून ‘क्रॅश’ आलं. लंबगोल घड्याळ मध्येच दुमडलं, एक बाजू फुगली, टोकं चिमटली गेली. लोककथा अशी की मोटार अपघातात जळून वितळलेलं घड्याळ दुरुस्तीला आलं आणि ते पाहून कल्पना सुचली. घराण्यातले लोक ही कथा नाकारतात. लंबगोल घड्याळाचा आकार मुद्दाम बिघडवायचा, एवढाच बेत होता. तो काळच साऱ्या सरळ रेषांना कंटाळलेला होता.

क्रॅशकडे बघताना पुन्हा आपला आलेखाचा कागद आठवावा. केस कितीही वेडीवाकडी झाली तरी आतलं मशीन शहाणंच आहे. तासकाटा दर तासाला 30 अंशच सरकणार. म्हणून प्रत्येक रोमन आकडा आपल्या किरणावरच बसवावा लागतो, मग तो किरण कुठे अर्ध्यात संपू दे किंवा कुठे लांब पळू दे. काही आकडे वितळल्यासारखे ओघळतात, काही चिमुटभर उरतात, आणि तरीही घड्याळ वेळ बरोबर दाखवतं. बिघडलेलं दिसणारं, पण न बिघडलेलं घड्याळ करायला नीटनेटक्या घड्याळापेक्षा जास्त हिशेब लागतो.

1960 आणि 1970 च्या दशकांत तिन्ही शहरांतल्या शाखा एकेक करून कुटुंबाच्या हातून गेल्या. आज पेढी रिशमाँ या स्विस समूहाची आहे. तेव्हाच्या नव्या मालकांनी 1977 मध्ये ‘मस्ट’ टँक काढलं, चांदीवर सोन्याचा मुलामा आणि रंगीत, कोऱ्या डायली. पेढीचं नाव जरा खालच्या दरात दिल्याबद्दल तेव्हा नाकं मुरडली गेली, पण चौकट तीच असल्यामुळे लांबून सोन्याचं आणि मुलाम्याचं सारखंच दिसतं. 1978 मध्ये सांतोस परत आलं, स्टील आणि सोनं एकत्र, आणि या वेळी स्क्रू पट्ट्यावरही उतरले. जॅकलिन केनेडींच्या मनगटावरचं टँक 2017 मध्ये लिलावात 3,79,500 डॉलर्सना गेलं. चित्रकार अँडी वॉरहॉल टँक वापरायचा, पण त्याला म्हणे चावीच देत नसे. आधी चौकट या विचाराला याहून मोठा भक्त मिळणार नाही.

2021 मध्ये टँकच्या आत सौर ऊर्जेवर चालणारं मशीन आलं. डायलखाली सौरपेशी असायच्या तर प्रकाश आत जायला हवा, आणि डायल तर झाकलेली. मग प्रकाश शिरवला कुठून? रोमन आकड्यांतून. आकड्यांना डोळ्यांना न दिसतील इतकी बारीक छिद्रं पाडली. बाहेरून एक रेघ हलली नाही. मशीनने चौकटीपुढे पुन्हा एकदा मान तुकवली.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आमच्या कपाटातल्या डब्यातून बाबांचं लग्नातलं घड्याळ काढलं. सासरकडून मिळालेलं, आयताकृती, सोनेरी मुलामा कडांना उडालेला. रोमन आकडे आहेत, चारच्या जागी चार दांड्या आहेत, काटे काळे. भिंग लावून मिनिटांच्या खुणा बघितल्या. आयताच्या मधोमध कारागिराने साठ समान खुणांचं एक छोटं गोल वर्तुळ काढून ठेवलंय. कोपऱ्यांशी त्याने भांडण मांडलंच नाही. तिथे चार बारीक फुलं काढून तो मोकळा झाला.